खुंटीवरची पिशवी

परभणीच्या बाजारांत सायंकाळीं घटकाभर उभें राहिलें, तर एक देखावा पुन्हां पुन्हां दृष्टीस पडतो. कचेरींतून परतणारा एखादा सुशिक्षित गृहस्थ भाजीच्या ढिगापाशीं थांबतो. मेथीची जुडी, पाव किलो मिरच्या, अर्धा किलो वांगीं अशी निवड करतो, पैसे चुकते करतो आणि मग रिकामे हात पुढें करून पिशवी मागतो. विकणारी बाई प्रथम नाहीं म्हणते. कारण तसली पिशवी देणें हा महाराष्ट्रांत २०१८ सालापासून कायद्यानें गुन्हा ठरला आहे. गृहस्थाची नजर शेजारच्या ढिगाकडे वळते. तेवढ्यांत बाईच्या बसकराखालून ती चुरचुरणारी पातळ पिशवी निघते. पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड, हें भय एका पारड्यांत आणि हातचें गिऱ्हाईक दुसऱ्या पारड्यांत असलें, म्हणजे कोणतें पारडें जड होणार हें सांगावयास नको.

या व्यवहारांत मौजेची गोष्ट अशी कीं, त्या गृहस्थाच्या घरीं पिशव्यांना तोटा नसतो. लग्नांत मिळालेली, वास्तुशांतीला मिळालेली, कापडवाल्यानें दिवाळीच्या खरेदीबरोबर दिलेली, बचत गटाच्या प्रदर्शनांतून हौसेनें घेतलेली, अशा दहा-बारा पिशव्या एका मोठ्या पिशवींत कोंबून कपाटांत ठेवलेल्या असतात. प्लॅस्टिकपासून काय अनर्थ होतो हेंहि त्याला ठाऊक असतें. त्याच्या मुलानें शाळेंत त्या विषयावर निबंध लिहिलेला असतो. वस्तु आहे, ज्ञान आहे, इच्छाहि आहे. आणि तरी हात रिकामे आहेत. असें कां व्हावें, हा प्रश्न दिसतो त्याहून अधिक विचार करण्याजोगा आहे.

कायद्यानें आपल्याकडून पुष्कळ केलें आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हां शहर बुडण्याच्या अनेक कारणांत गटारें तुंबविणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचेंहि नांव घेतलें गेलें. पुढल्याच वर्षीं राज्यानें ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस मनाई केली. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पातळ पिशवीवरच रोख कां, अशी शंका सहज येईल. तिचें उत्तर भंगार वेंचणाऱ्यांच्या हिशेबांत आहे. जाड पिशव्या थोड्या गोळा केल्या तरी वजन भरतें आणि चार पैसे सुटतात. पातळ पिशव्या शेंकडों गोळा कराव्या तेव्हां कोठें किलोभर होतात. म्हणून त्या कोणी उचलीत नाहीं. त्या वाऱ्यावर उडतात, नालींत अडकतात, उकिरड्यावर जनावरांच्या पोटांत जातात. शिळें अन्न बांधून टाकलेली पिशवी गाय गांठ सोडून खात नाहीं. ती पिशवीसकट गिळते. हें प्लॅस्टिक पचत तर नाहींच, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटांतून तें सहसा पुढेंहि सरकत नाहीं. तेथेंच त्याचा गोळा वाढत जातो आणि जनावराची भूक मरते.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्रानें जाडीचा प्रश्न बाजूस ठेवून हातांत धरावयाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या सरसकट बंद केल्या. त्यांबरोबर प्लॅस्टिकच्या व थर्मोकोलच्या ताटल्या, पेले, चमचेहि गेले. दुसऱ्या अपराधास १०,००० रुपये दंड, तिसऱ्यास २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद, अशी शिक्षा ठेविली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेंहि एकदां वापरून फेंकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी घातली. परंतु कायदा दुकानदाराच्या मागें धांवूं शकतो. गिऱ्हाईक घरून निघतांना दाराशीं काय विसरतें, तेथवर त्याचा हात पोंचत नाहीं. आणि विसर पडतो तो नेमका तेथेंच.

हा विसर जुन्या माणसांस पडत नसे. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता त्या काळीं, आणि १९४८ नंतरहि कित्येक वर्षें, रिकाम्या हातानें परगांवीं निघणारा माणूस विरळा. सेलूच्या किंवा मानवतच्या पेठेला कापसाची गाडी घेऊन निघालेल्या शेतकऱ्याच्या खांद्यावर पडशी असे. तिचा एक कप्पा छातीवर, दुसरा पाठीवर. त्यामुळें ओझें तोलून राही आणि दोन्ही हात कासऱ्याला मोकळे. कमरेच्या चंचीला पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचीं निरनिराळीं घरें असत. शिदोरी म्हणजे एका फडक्यांत बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, वर कांदा आणि ठेचा. भाकरी संपल्या कीं तेंच फडकें झटकून त्यांत गूळ किंवा मिठाचे खडे बांधून घरीं येत. उपरण्याची गोष्ट तर विचारूंच नये. तें उन्हांत डोक्यावर, घामाला तोंडावर, झाडाखालीं अंथरायला. ओढ्याचें पाणी त्याच्याच दुहेरी घडींतून गाळून घ्यावयाचें, आणि सायंकाळीं मुलांसाठीं घेतलेल्या बोरांचें गांठोडेंहि त्याचेंच.

आगगाडीच्या प्रवासांत हीच शिस्त होती. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग सेलू, परभणी, पूर्णा या स्थानकांवरून जातो. त्या गाडींत वळकटीशेजारीं फिरकीचा तांब्या ठेवलेला नाहीं, असा प्रवासी कुटुंबवत्सल मानला जात नसे. हा तांब्या पितळेचा. झांकण मळसूत्राचें, वर उचलावयास कडी. डबा कितीहि हिंदकळला तरी थेंब सांडत नसे. आंतून कल्हई केलेली असे आणि पोटावर बहुधा नांव कोरलेलें असे. त्या नांवाकडे हल्लींची मंडळी केवळ हौस म्हणून पाहतात. पण त्याचें काम व्यवहाराचें होतें. भांडें घराबाहेर जाणार, शेजारीं जाणार, कार्याला जाणार, आणि तेथून तें परत आलें पाहिजे, यासाठीं तें नांव.

त्या पिढीचें स्मरण विशेष तल्लख होतें असें मुळींच नाहीं. तांब्या विसरला तर वाटेंत तहान भागविण्याचें दुसरें साधन नव्हतें, ही त्यांतली पहिली गोष्ट. गरज हाच त्यांचा पंतोजी होता. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची असून तिच्याकडे फारसें लक्ष जात नाहीं. या प्रत्येक वस्तूला घरांत ठरलेली जागा होती. पडशी खुंटीला, तांब्या कोनाड्यांत, कंदील दाराच्या कडेला. माणूस परगांवाहून आला कीं पडशी रिकामी होई, झटकली जाई आणि त्याच खुंटीवर जाई. तांब्या चिंचेनें घांसून त्याच कोनाड्यांत पालथा पडे. पुढच्या वेळीं निघणाऱ्यास कांहीं आठवावें लागत नसे, हात आपोआप त्या जागेकडे जाई. नेण्याची संवय म्हणून जी दिसते, ती खरोखर परत ठेवण्याची संवय असते.

हें परत ठेवण्याचें काम करी कोण, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. तें बहुतेक घरांत आजी, सून नाहीं तर लेक करीत असे. निघणाऱ्या पुरुषाच्या हातांत पडशी आयती येई. जुन्या संवयीचें कौतुक करतांना तिच्यामागची ही बिनबोभाट मेहनत विसरणें न्यायाचें होणार नाहीं. आज घरांतील बायकाहि शाळेंत, कचेरींत, बँकेंत जातात. मागून कोणी सज्ज करून ठेवील ही अपेक्षा आतां चालावयाची नाहीं. आणि नवी संवय लागत नाहीं याचें निम्में कारण तेथें आहे.

ती जुनी रीत आजहि अगदींच लोपलेली नाहीं. शेगांवची श्रीगजाननमहाराजांची पालखी दरवर्षीं आषाढी वारीसाठीं पंढरपुरास निघते, ती परभणी शहर आणि संत जनाबाईंचें जन्मस्थान गंगाखेड यांवरून जाते. त्या दिंडींतील वारकऱ्याची झोळी पाहावी. एक पांघरूण, एक धोतर, ताटली, तांब्या, टाळ. जें न्यावयाचें तें स्वतःच्याच खांद्यावर, म्हणून जादा कांहीं नाहीं. आणि रोज उठून तेंच भरावयाचें, म्हणून कांहीं राहूनहि जात नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या पिशवीनें हें सारें मोडलें तिच्या जनकाचा हेतु वेगळाच होता. स्वीडनमधील स्टेन गुस्टाफ थुलीन या अभियंत्यानें एका अखंड नळीपासून कापून घडविलेली, वरच्या बाजूस धरावयास बंद असलेली प्लॅस्टिकची पिशवी तयार केली. १९६५ सालीं तिचें अमेरिकेंत पेटंट झालें. कागदी पिशव्यांसाठीं झाडें तुटतात, त्याऐवजीं ही हलकी आणि बळकट पिशवी लोक वर्षानुवर्षें वापरतील, अशी त्याची कल्पना होती. तो स्वतः घडी केलेली पिशवी नेहमीं खिशांत बाळगीत असे, असें त्याच्या मुलानें पुढें सांगितलें. दोष एकट्या वस्तूचा नव्हता. ती इतकी स्वस्त झाली कीं दुकानदार ती फुकट देऊं लागला. आणि जी वस्तु जेथें जावें तेथें फुकट मिळते ती घरून कोण नेणार? एका पिढीच्या आंत खुंट्या रिकाम्या झाल्या, आणि नव्या घरांच्या भिंतींत कोणी त्या ठोकल्याच नाहींत.

मनाच्या शास्त्रांत या गोष्टीचा विचार फार दिवसांपासून झालेला आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत संवयीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलें. अलीकडच्या संशोधकांनीं त्याच विचाराला प्रयोगांची जोड दिली. पुढें करावयाचें काम आठवणें हें एक वेगळ्या जातीचें स्मरण आहे. मागें घडलेलें आठवतांना कोणी तरी विचारतो आणि मन उत्तर देतें. येथें विचारणाराच कोणी नसतो. पिशवी नेण्याचा निश्चय जेवतांना होतो, तिची गरज भाजीच्या ढिगापाशीं उत्पन्न होते, आणि ती उचलावयाची असते ती या दोहोंच्या मध्यें, दाराशीं, जोडे घालतांना. त्या क्षणीं तिची खूण करून देणारें डोळ्यांसमोर कांहीं नसलें, तर निश्चय कितीहि प्रामाणिक असो, तो फुकट जातो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोलविट्झर यानें १९९९ सालीं असें मांडलें कीं, 'मी अमुक करीन' या मोघम संकल्पापेक्षां 'अमुक घडतांच मी अमुक करीन' असा प्रसंगाशीं बांधलेला संकल्प पुष्कळ अधिक प्रमाणांत तडीस जातो. 'यापुढें प्लॅस्टिक वापरणार नाहीं' हा पहिल्या जातीचा झाला. 'जोड्यांत पाय घालतांच खुंटीला हात लावीन' हा दुसऱ्या जातीचा. ऐकावयास दुसरा फार क्षुद्र वाटतो, पण टिकतो तोच.

मग संवय लागावयास दिवस किती? एकवीस दिवसांचा एक आकडा पुष्कळांच्या तोंडीं असतो. त्याला फारसा आधार नाहीं. लंडन येथील विद्यापीठांत फिलिपा लाली व त्यांचे सहकारी यांनीं ९६ स्वयंसेवकांवर केलेलें निरीक्षण २०१० सालच्या अंकांत प्रसिद्ध झालें. प्रत्येकानें खाणें, पिणें किंवा व्यायाम यांपैकीं एक लहानशी नवी गोष्ट रोज एकाच प्रसंगीं करावयाची होती. ती गोष्ट विचार न करतां होऊं लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असें आढळलें. पण कोणाचा हिशेब १८ दिवसांवर आला, तर कोणाचा २५४ वर गेला. त्याच निरीक्षणांत धीर देणारी आणखी एक गोष्ट दिसली. मध्यें एखादा दिवस चुकला तरी संवय लागण्याच्या क्रमाला म्हणण्यासारखा धक्का बसत नाहीं. पिशवी एकदां विसरली म्हणून 'हें कांहीं जमावयाचें नाहीं' असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

येथें परभणीकरांच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा येतो. हा जिल्हा कापसाचा. काळ्या जमिनींत, बहुतांशीं पावसाच्या भरंवशावर पिकलेला कापूस वेंचून, सरकी काढून, सूत कांतून, विणून तयार झालेली पिशवी ही प्लॅस्टिकहून सर्वथा निर्दोष, अशी समजूत असते. हिशेब मात्र तितका सोपा नाहीं. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदांच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या तुलनेनें हवामानावरील भार कमी व्हावयाचा, तर सुती पिशवी १३१ वेळां वापरली गेली पाहिजे. डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालांत केवळ हवामानापुरता हा आकडा ५२ आहे. पण पाणी, खतें, रसायनें असे सर्वच परिणाम विचारांत घेतले तर तो ७,१०० वर जातो. या मोठ्या आकड्याच्या रीतीविषयीं मतभेद आहेत, आणि गाईच्या पोटांतील गोळा असल्या हिशेबांत धरलेलाच नसतो. तरीहि मुद्दा उरतोच. आठवड्याच्या बाजाराला एकदां न्यावयाची सुती पिशवी १३१ वेळां वापरावयास अडीच वर्षें लागतात. आणि कपाटांत निजलेल्या त्या दहा-बारा पिशव्या एकदांहि बाहेर पडत नाहींत. त्यांच्यावर खर्ची पडलेला कापूस आणि पाणी फुकट गेलें असेंच म्हणावें लागेल. जुन्या लुगड्याची, धोतराची किंवा खताच्या रिकाम्या गोणीची शिवलेली पिशवी या हिशेबांतून बरीचशी सुटते, कारण तें कापड तिच्यासाठीं विणलेलें नसतें. मराठवाड्यांतील घरोघरच्या शिवणयंत्रावर तशा पिशव्या आजहि होतात. दिसावयास त्या ओबडधोबड असतात. ज्वारीचें ओझें मात्र त्याच पेलतात.

परदेशांत याचे दोन्ही प्रकारचे अनुभव आलेले आहेत. आयर्लंडनें ४ मार्च २००२ पासून प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट कर बसविला, आणि वर्षाच्या आंत त्या पिशव्यांचा खप नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. पिशवी फुकट मिळणें थांबलें, तशी घरून नेण्याची आठवण होऊं लागली. इंग्रजांनीं मात्र पातळ पिशवीला किंमत लावली आणि दुकानांत जाड, पुष्कळ दिवस टिकणारी पिशवी अल्प किमतीस ठेविली. लोक तीहि घरीं विसरून येऊं लागले आणि दर खेपेस नवी घेऊं लागले. २०१८ सालीं ब्रिटनमधील मोठ्या दुकानांनीं असल्या सुमारें दीड अब्ज पिशव्या विकल्या, म्हणजे दर घरीं ५४. टिकाऊ वस्तु विसरणाऱ्याच्या हातीं पडली कीं तिचाहि कचराच होतो.

तेव्हां घरांत करावयाचें तें फार थोडें आहे. दाराशेजारीं, जोडे घालतांना डोळ्यांसमोर येईल अशी एक खुंटी असावी आणि तिच्यावर दोनच पिशव्या; बारा नकोत. बारा असल्या कीं एकीचीहि जागा ठरत नाहीं. कुलपाची किल्ली त्याच खुंटीला अडकविली तर पिशवीला हात लावल्यावांचून दार बंद करतां येत नाहीं. बाजारांतून आल्यावर भाजी काढून घ्यावी, कांद्याची सालपटें झटकावीं आणि पिशवी तत्क्षणींच खुंटीवर टांगावी. ती ओट्यावर राहिली तर उद्यांचे हात रिकामे राहिले म्हणून समजावें. ज्यानें आणली त्यानेंच ती टांगावी, म्हणजे घरांतील एकाच माणसावर हा भार पडत नाहीं. धुवायला टाकली तर दुसरी आहेच. ज्यांना कचेरींतून परस्पर बाजारांत जावें लागतें, त्यांनीं एक पातळ कापडी पिशवी दुचाकीच्या डिकींत टाकून ठेवावी. पण तिच्या बाबतींतहि परत ठेवण्याचें कलम लागू आहेच.

पाण्याचें महत्त्व या भागांत निराळें सांगावयास नको. चैत्र-वैशाखांत परभणीचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि गंगाखेडला किंवा जिंतूरला निघालेला मोटारींतला प्रवासी स्थानकावर विकतची बाटली घेतो ती पिऊन खिडकींतून टाकतो. फिरकीच्या तांब्याची जागा स्टीलच्या बाटलीनें घ्यावी हें उत्तम. तिचें तोंड आंत हात किंवा घांसणी जाईल इतकें रुंद असावें, नाहीं तर चार दिवसांत तिला वास येतो आणि ती फडताळांत जाऊन बसते. तांब्याची बाटली घेणाऱ्यांनीं तींत ताक किंवा लिंबाचें सरबत भरूं नये. आंबटानें तांबें विरघळून पोटांत जातें.

मिठाई, दही किंवा शेव-भजीं आणावयास घरचा कडीचा डबा नेला, तर पूर्वीं दुकानदार आधीं डब्याचा धडा करी, म्हणजे रिकाम्या भांड्याइतकें वजन दुसऱ्या पारड्यांत टाकी, आणि मग माल तोली. आतांच्या विजेच्या कांट्यावर हें एक कळ दाबून होतें. डबा पुढें करतांना गिऱ्हाईकालाच संकोच वाटतो. दुकानदाराचा तर त्यांत खोक्याचा खर्च वांचतो.

राहतां राहिल्या कपाटांतल्या उरलेल्या दहा पिशव्या. त्या धुवून, घडी घालून, नेहमींच्या भाजीवाल्या बाईकडे नेऊन द्याव्या. रिकाम्या हातानें आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाईकाला ती त्यांतली एक देऊं शकेल, आणि पुढल्या फेरीला परत मागूं शकेल. पिशवीवर कोणाच्या तरी लग्नाचें किंवा दुकानाचें नांव छापलेलें असतेंच; त्याखालीं शाईनें बाईचें नांव घातलें म्हणजे ती कोठें परत करावयाची हें निराळें सांगावें लागणार नाहीं.